कळलं रे!

प्रत्येक वर्गात एक ‘कळलं रे’ असतोच. या प्राण्याला बायनरी सर्च शिकवावा लागत नाही. सर फळ्याकडे वळेपर्यंत याचं ‘कळलं, कळलं’ सुरू झालेलं असतं. कळायचं तरी काय आहे म्हणा! चढत्या क्रमाने लावलेले आकडे. मधला बघायचा, आपला त्याहून मोठा असला तर डावीकडचं सोडायचं, लहान असला तर उजवीकडचं. दर वेळी निम्मं रान साफ. दहा लाखांतला हवा तो आकडा वीस फेऱ्यांत हाती.

रात्री मेसमध्ये तो आमटी वाढणाऱ्या मामांना अडवतो. “१ ते १०० मधला कुठलाही आकडा मनात धरा, सात प्रश्नांत ओळखतो.” ओळखतोही. मामा म्हणतात, “बरं. पोळी वाढू?”

मग लॅपटॉप उघडतो. लो, हाय आणि मिड, इनमीन तीन व्हेरिएबल. पण मिडला अधिक एक करायचा की नाही, हा प्रश्न हा विचार करून सोडवत नाही, आळीपाळीने सोडवतो. एकदा घालतो, एकदा काढतो. सात आकड्यांची यादी. सहा सापडतात, शेवटचा काही सापडत नाही, आणि प्रोग्राम लटकतो. लो ५ वर, हाय ६ वर. दोघांची निम्मी बेरीज साडेपाच, पण पूर्णांकात अर्ध्याला किंमत नाही, म्हणून मिड ५. हवा तो आकडा पुढे आहे, म्हणून यानं लो मिडवर आणला. म्हणजे पुन्हा ५. ये रे माझ्या मागल्या! लॅपटॉपचा पंखा घरघरतो. हा म्हणतो, “मशीन स्लो आहे रे.”

कुणी चूक दाखवलीच, तर इतिहास बाहेर येतो. तो मात्र चोख. १९४६ साली जॉन मॉकलींनी ही पद्धत मांडली, पण कितीही लांबीच्या यादीवर चालेल अशी ती छापून यायला १९६० उजाडलं. जॉन बेंटलींनी व्यावसायिक प्रोग्रामरना तास-दोन तास देऊन हीच लिहायला लावली, तर बहुतेकांची चुकली. आणि हुकमाचा एक्का : खुद्द जावाच्या लायब्ररीत लो आणि हायची बेरीज पूर्णांकात मावत नव्हती, नऊएक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ते जाहीर केलं! ती चूक दिसायला यादीत शंभर कोटींवर आकडे लागतात. याच्या यादीत सात. पण एवढ्या थोरांच्या पंगतीत बसायला मिळत असताना आकडे कोण मोजतो?

पहाटे कधीतरी अधिक एक योग्य जागी पडतो. का पडला, हे विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी हा मेसची अख्खी वही टाइप करून प्रोग्रामला देतो आणि स्वतःचंच नाव शोधायला लावतो. उत्तर येतं : नाही.

“मामा, वहीत नावं बाराखडीच्या क्रमाने लिहीत जा हो! प्रोग्राम चुकतो त्यानं.”

“ज्यानं आधी पैसे भरले त्याचं नाव वर,” मामा पानावरून बोट खाली नेत म्हणतात. “हे बघ. तू शेवटी.”