पाषाणहृदयी अण्णा

अण्णा राहतात कोथरूडला, पण जीव सगळा पाषाणात. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढच्या वीतभर जागेत बाग करायला घेतली. बाग म्हटलं की आपल्याला झाडं आठवतात. अण्णांना ती सगळ्यात शेवटी आठवतात.

रस्त्याकडेला काळा दगड दिसला की अण्णांची स्कूटर थांबलीच. पुण्यात कुठेही कुदळ मारा, हाच दगड लागतो. पण अण्णांकडे आला की तो "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा" होतो. परवा एका पाहुण्याने चुकून त्यावर चहाचा कप टेकवला. अण्णांनी कप उचलून पाहुण्याच्या हातात दिला आणि दगड धोतराच्या सोग्याने पुसला.

पेठेत कुठे वाडा पडतोय अशी कुणकुण लागायचा अवकाश, अण्णा वारसांच्याही आधी हजर. म्हणून त्यांच्या दारात जात्याच्या तळ्यांची पायवाट आहे, उखळात अडेनियम आहे आणि पाट्यावर शेंदूर न लावताही देव वाटेल असं काहीतरी बसलंय. कोपऱ्यात फुटक्या कपबश्यांचा मोर. त्यातल्या निम्म्या कपबश्या आधी फुटलेल्या नव्हत्या, असं माईंचं म्हणणं.

अण्णांचं दैवत म्हणजे चंडीगडचे नेकचंद. तेही सरकारी रस्त्यांवरचेच निरीक्षक. 1957 पासून सरकारी जागेत चोरून फुटक्या टाइल्स-बांगड्यांची नगरी उभारत होते. 1975 मध्ये ती उघडकीला आली, तेव्हा सरकारने ती पाडायची सोडून उलट त्यांना पगार आणि पन्नास मजूर दिले. हे सांगताना अण्णांचा गळा दाटतो. मग ते जावयाकडे बघतात. जावई मुकाट्याने उठतो आणि दगड इकडचा तिकडे करतो. दिवाळसणाला आलेला माणूस, पण करतो काय!

रंगांचं खातं क्रोटन, कोलियस आणि ऑफिस टाइमकडे. ऑफिस टाइमची फुलं दहाच्या सुमाराला नेमाने उमलतात. खात्यात असताना हा नेम अण्णांना कधी जमला नाही, हे सांगायला जुने सहकारी मुद्दाम दहाला येतात.

माईंची मागणी एवढीच होती की एक कढीपत्ता लावा. "रंगसंगतीत बसत नाही," म्हणून अण्णांनी तो मोरीमागे ढकलला. गेल्या वर्षी बागस्पर्धेचे परीक्षक आले. मोराला त्यांनी "टर्की छान जमलीय" म्हटलं, लाव्ह्याला ठेचकाळले आणि मोरीमागे जाऊन "काय वास आहे हो!" म्हणत थबकले. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं.

दुसऱ्याच दिवशी कढीपत्त्याभोवती दगडांचं रिंगण आलं आणि 'मुराया कोएनिगी' अशी पाटी लागली. आता फोडणीला दोन पानं हवी असली तरी माईंना अण्णांची परवानगी काढावी लागते.