दहा पैशांचा अबोला

निवृत्तीनंतर माणूस एक तर हास्यक्लबात जातो, नाही तर शेअर बाजारात. मी दुसरीकडे गेलो, आणि हसण्याचं काम घरच्यांकडे आलं.

एका लहानशा कंपनीचा शेअर डोळ्यांत भरला. मोबाइलवर ठळक आकडा होता : ८२ रुपये. दोनशे घेतले तर सोळा हजार चारशे, असा हिशेब कॅलेंडरच्या मागे मांडला आणि ‘मार्केट’ निवडून ऑर्डर टाकली. बाजार म्हणेल त्या भावाला, एवढाच त्याचा अर्थ. तो मला कळलाही होता. बाजार काय म्हणतोय ते तेवढं ऐकायचं राहिलं. शेअर पडले सरासरी ८७ रुपये १५ पैशांना.

भांडायला ब्रोकरकडे फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, “काका, मार्केट डेप्थ बघितली होती का?”

मग बघितली. एका बाजूला घेणारे, एका बाजूला विकणारे. दोन्हीकडचे पाच-पाच भाव. घेणाऱ्यांतला सगळ्यात दिलदार ८०.१० देत असलेला, तो ‘बिड’. विकणाऱ्यांतला सगळ्यात नरम ८४.५० मागत असलेला, तो ‘आस्क’. ८२ ला कुणीच उभं नव्हतं. तो आकडा मघाशी कधी तरी, दुसऱ्याच कुणाच्या झालेल्या सौद्याचा. ८४.५० वाल्याकडे शेअर होते चाळीस. ते उचलून माझी ऑर्डर पुढच्याकडे गेली, तिथे ८६ ला साठ मिळाले. उरलेले शंभर तिसऱ्यानं ८८.९० ला दिले. लग्नाच्या पंगतीत जिलबी संपली म्हणून आचाऱ्याच्या मागे भटारखान्यात शिरावं, तशी ती गेली.

गंमत पुढेच आहे. माझाच शेवटचा सौदा ८८.९० ला झाल्यामुळे स्क्रीनवरचा भावही ८८.९० झाला आणि मला साडेतीनशे रुपये नफा दिसू लागला! बायकोला हाक मारून दाखवला. ती चष्मा शोधून येईपर्यंत कुणी तरी पाच शेअर ८०.१० ला विकून मोकळा झाला, आणि तिला दिसला १,४१० रुपयांचा तोटा.

हे सगळं माझ्या आईला बोहारणीमुळे ठाऊक होतं. ती दोन साड्या पुढे ठेवायची; बोहारीण लहान पातेलं सरकवायची. “काल शेजारच्या काकूंना एवढ्यात कढई दिलीस की,” असं आई म्हणाली की उत्तर ठरलेलं : “ती काल दिली, ताई. आज तुम्ही काय टाकता ते बोला.” शेवटच्या सौद्याचा भाव आणि आजचा भाव यांतला फरक मला पुढे कुणी इतक्या थोडक्यात सांगितला नाही. आणि घाईची वेळ असली, की आई वरती बाबांची एखादी पँट टाकायची. ती तिची मार्केट ऑर्डर.

दलाल स्ट्रीटवर सौदे ओरडून व्हायचे, त्या काळी तिथे तारवणीवाले असत. घेण्याचा एक भाव आणि विकण्याचा दुसरा, दोन्ही तेच सांगायचे आणि मधल्या फरकावर चूल पेटवायचे. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारात संगणक आले आणि आरडाओरडा थांबला. मधली फट मात्र राहिली. मोठ्या कंपन्यांत ती इतकी बारीक की घाई केली तरी फारसं बिघडत नाही. माझ्या कंपनीसारख्या ठिकाणी, जिथे दिवसभरात मोजकीच माणसं फिरकतात, तिथे पाय अडकण्याइतकी रुंद.

आता मी ‘लिमिट’ टाकतो, म्हणजे मी ठरवलेल्या भावाच्या वर एक पैसा देत नाही. ॲव्हरेज खाली आणायला आणखी दोनशे घ्यायचे ठरवले, भाव ८१. एका भावाला जो आधी आला त्याचा नंबर आधी, म्हणून सव्वानऊला हजर. समोर एक विकणारा ८१.१० ला बसलेला. तो उतरेना, मी चढेना. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली. आम्ही दोघं मात्र दहा पैशांवरून साडेतीनपर्यंत एकमेकांकडे बघत राहिलो. ऑर्डर रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही तेच.

हा गृहस्थ मराठी वाचणारा असेल, तर त्याला एवढंच कळवायचंय : उद्या मी ८१.०५ ला येतो. तुम्हीही या.