दोराला हात न लावता

टोबॅगो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कास्टारा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. सहलीच्या पुस्तकांत इथल्या निळ्या पाण्याचं आणि प्रवाळांचं वर्णन सापडतं. अंकलबद्दल मात्र चकार शब्द नाही.

अंकल म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, ते पद आहे. पासष्टीच्या आसपासचं वय, उन्हानं विटलेली क्रिकेटची टोपी आणि झाडाच्या सावलीत कायमची बैठक, एवढी पात्रता पुरते. होडीनं जाळं अर्धगोलात सोडलं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आले, की अंकल उठतात. मालवणच्या वाचकाला जास्त सांगायला नकोच, ही सरळसरळ रापण. ओढायला गावकरी, शाळकरी पोरं, पोहायला आलेले गोरे पाहुणे, जो हाती लागेल तो. अंकल दोराला शिवत नाहीत. कमरेवर हात ठेवून ते ओरडतात, "डावीकडचे, झोपलात काय? उजवीकडचे, जरा सबुरीनं!" डावीकडचे मुळीच झोपलेले नसतात, तरी ओशाळून जोर लावतात. एखादा जर्मन साहेब तळहात सोलून घेतो आणि कौतुकाच्या आशेनं वळून बघतो. अंकल त्याची पाठ थोपटतात. "पुढच्या वेळी जमेल हो तुला!"

जाळं किनाऱ्याला लागतं, वर पेलिकन घिरट्या घालू लागतात. ओढणाऱ्यांना वाटा मिळतो. अंकलना आधी मिळतो.

मासळी घेऊन ते बायकांच्या मातीच्या भट्टीकडे वळतात, जाळ कमी आहे असं सुचवतात. तिथली एक मावशी त्यांच्याकडे नुसती बघते. अंकल गुपचूप पैसे काढतात आणि गरम पाव घेऊन सटकतात. हे दृश्य फुकट पाहायला मिळतं, आणि माझ्या मते समुद्रापेक्षा सरस आहे.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी अंकल बुकू गावात असतात. तिथे १९२५ पासून बोकडांच्या शर्यती चालतात. जॉकी बोकडावर बसत नाही, दोरी धरून अनवाणी मागे पळतो. आपला बोकड हरला तर अंकलच्या मते दोष जॉकीचा. बोकडाला उपजत समज असते.

मुंबईचा पाहुणा दिसला की मात्र त्यांचा चेहरा गंभीर होतो. १९७१, पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी, दाढ दुखत असताना गावस्करनं काढलेल्या १२४ आणि २२० धावा. त्या मालिकेवर लॉर्ड रिलेटरनं कॅलिप्सो रचला, तो अंकल टाळी देत गुणगुणतात आणि मग आवाज खाली आणतात. चेंडू कुठे टाकायचा हे त्यांनी तेव्हाच, दहाव्या-अकराव्या वर्षी, घरच्या रेडिओला ओरडून सांगितलं होतं. सोबर्सनं ऐकलं नाही.