डाव्या कोपऱ्यातील करडी पेटी : एक अनावृत पत्र

राजमान्य राजश्री मुख्य आर्किटेक्टसाहेब यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. गेल्या सोमवारी हिंजवडीच्या आपल्या कचेरीतील मोठ्या दालनात, निम्मे श्रोते वाकडच्या पुलावर अडकून पडलेले असताना आणि उरलेले निम्मे मांडीवरच्या लॅपटॉपात स्वतःची कामे उरकीत असताना, संस्थेच्या संगणकप्रणालीचा जो भविष्यकालीन आराखडा आपण पडद्यावर उलगडून दाखविलात, त्याच्या दर्शनाने आम्हां पामरांस झालेला आनंद आपल्या कानी घालावा म्हणून हे धाडस करीत आहे. त्यातील निळ्या-हिरव्या पेट्या मी मोजू लागलो आणि त्र्याहत्तरपर्यंत पोचलो, इतक्यात स्लाइड बदलली. त्या पेट्यांना जोडणारा एकही बाण दुसऱ्याला छेदून जात नव्हता; यावरून ते चित्र जगातील कोणत्याही चालत्या प्रणालीकडे पाहून काढलेले नसावे, एवढे माझ्यासारख्या मंदमतीच्याही ध्यानात आले. डाव्या कोपऱ्यात, पृष्ठांकाला अगदी चिकटून, एक लहानशी करडी पेटी होती आणि तिच्यावर ‘लेगसी : निवृत्त’ एवढेच लिहिले होते. साहेब, त्या पेटीत मी गेली बावीस वर्षे बसलेला आहे.

घरे बांधणारा आर्किटेक्ट हा बिचारा मोठा दुर्दैवी प्राणी. त्याने बांधलेली गच्ची पहिल्याच मृगात गळू लागली, तर घरमालक छत्री घेऊन त्याच्या दारात उभा राहतो. आपल्या शास्त्राने मात्र ही अडचण मुळातूनच निवारली आहे, कारण गच्ची गळू लागेपर्यंत आराखडा काढणारा गृहस्थ बढती घेऊन दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या गच्चीचे चित्र काढावयास गेलेला असतो. माझ्या सेवाकाळातील हे चौथे परिवर्तन. पहिल्याचा सिद्धान्त असा होता, की सर्व कारभार एकाच विशाल प्रणालीत एकवटावा. दुसऱ्या साहेबांनी तिचे विभाग पाडले आणि मध्ये ‘सर्व्हिस बस’ नावाची अशी एक मामलेदार कचेरी थाटली, की एका विभागाचा साधा निरोपदेखील तेथे बारनिशीत चढल्यावाचून शेजारच्या विभागात पोचू नये. तिसऱ्यांनी ती कचेरी मोडीत काढून प्रत्येक कामाची स्वतंत्र मायक्रोसर्व्हिस केली. प्रत्येक वेळी नवे आले. जुने मात्र कोणीही उचलून नेले नाही, सबब आज एकाच वाड्यात चार पिढ्या नांदत आहेत आणि स्वयंपाक अजून पणजीच्याच चुलीवर होतो. अमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील एका तुकडीने २०२३ साली असे जाहीर केले, की प्रक्षेपणाचा दर्जा तपासणारी आपली प्रणाली तिने सुट्या तुकड्यांतून काढून पुन्हा एकत्र जोडली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक उतरला. एका तुकडीच्या एका कामाचा हा दाखला. तो आपल्या सर्व कामांना लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण आधी काम पाहावे आणि मग पेटी आखावी, हा क्रम त्या लोकांना कोणी शिकविला असेल, याचे कुतूहल वाटते.

चित्राचे माहात्म्य आपणांस मी काय सांगावे! १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याने मोठ्या प्रणाली कशा रचाव्यात यावर एक निबंध लिहिला आणि त्यात आवश्यकता, विश्लेषण, रचना, लेखन, परीक्षण अशा पायऱ्या एकीखाली एक उतरत जाणारे एक चित्र काढले. लगोलग खालच्या मजकुरात त्याने बजावले होते, की केवळ एवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारे आहे. पुढच्या पिढ्यांनी चित्र घेतले, त्याला धबधब्याचे नाव दिले, त्यावर सरकारी कंत्राटे बेतली. खालचा मजकूर मात्र वाचायचा राहून गेला. मग २००१ च्या फेब्रुवारीत यूटा प्रांतातील बर्फाळ डोंगरात सतरा विद्वान जमले आणि चपळाईचा जाहीरनामा काढून त्यांनी त्या धबधब्याविरुद्ध बंड पुकारले. त्या बंडाची फलश्रुती आपल्या कचेरीत एवढीच झाली, की पूर्वी बसून होणारी सभा आता रोज सकाळी उभ्याने होते आणि तरीही पाऊण तास चालते.

परंतु माझे खरे गाऱ्हाणे निराळेच आहे. मेल्व्हिन कॉन्वे नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने एप्रिल १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात असे प्रतिपादन केले, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडविते, तिची घडण त्या संस्थेतील माणसांच्या परस्पर दळणवळणाच्या घडणीची नक्कल असते. त्याने दिलेले उदाहरण मला फार आवडते. कुठेशी आठ माणसांना दोन कंपायलर लिहावयाचे होते. त्यांतील पाचांची नेमणूक कोबोलच्या कामावर झाली आणि तिघांची अल्गॉलच्या. तयार झाल्यावर कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालू लागला आणि अल्गॉलचा तीन टप्प्यांत! या उदाहरणाच्या उजेडात आपल्या संस्थेकडे पाहावे. ग्राहकाचा पत्ता आपल्याकडे तीन ठिकाणी साठविला जातो आणि तिन्ही ठिकाणी तो वेगळा असतो, याचे शास्त्रीय कारण शोधण्यासाठी आपण एक सल्लागार पेढी नेमली आहे, असे ऐकतो. पेढीचे शुल्क वाचविण्याच्या सद्हेतूने ते कारण येथे फुकट सांगतो : वसुली, कर्जे आणि ठेवी या तीन खात्यांचे प्रमुख गेली कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. कँटीनमध्येही ते तीन निरनिराळ्या टेबलांवर जेवतात. आपण चित्रात त्या तीन पेट्यांची ‘ग्राहक’ नावाची एकच सुबक निळी पेटी केलीत, हे आपल्या कलादृष्टीला साजेसेच झाले; परंतु ती टेबले एकत्र आणण्याचा ठराव कोणत्याही स्लाइडवर मला आढळला नाही.

आणि आता त्या करड्या पेटीविषयी. निवृत्त झालेला प्रोग्राम म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली पेढीची कथा आपण एकदा सवडीने ऐकावी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक नवी योजना सुरू व्हावयाची होती. पेढीने तिच्यासाठी नवा प्रोग्राम लिहिला आणि तो आठ सर्व्हरांवर चढवावयाचे ठरले. सातांवर तो चढला, आठवा राहून गेला. आणि एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी दंडक तेथे नसल्यामुळे ही चूक कोणाच्या नजरेस आली नाही. त्या आठव्या सर्व्हरावर ‘पॉवर पेग’ नावाचा एक प्रोग्राम पडून होता. २००३ पासून त्याला कोणी हाक मारली नव्हती. मागणीपैकी किती शेअरांचा व्यवहार पुरा झाला याची मोजदाद ठेवणारा हिशेबनीसही २००५ साली त्याच्यापासून काढून दुसरीकडे नेण्यात आला होता. पण त्याला मूठमाती मात्र कोणी दिली नव्हती. नव्या प्रोग्रामला जागे करण्यासाठी जो फ्लॅग योजण्यात आला, तो नेमका या जुन्याचाच निघाला. बाजार उघडला, समंध उठला आणि हिशेबनीस जागेवर नसल्यामुळे ‘पुरे’ हा शब्द कोठेही न भेटता मागण्या सोडीत सुटला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी पाऊण तासात चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि पेढी ४६ कोटी डॉलरांहून अधिक रकमेला बुडाली.

यातील दोन तपशील मला रात्री झोपू देत नाहीत. बाजार उघडण्यापूर्वीच त्या प्रेताचे नाव घेणारे ९७ ईमेल यंत्राने आपण होऊन पाठविले होते; ते धोक्याची सूचना म्हणून योजलेलेच नव्हते, म्हणून ते कोणी मनावर घेतले नाहीत. दुसरा तपशील त्याहून क्रूर आहे. गोंधळ नव्या प्रोग्राममुळे झाला असावा असे समजून तेथल्या मंडळींनी घाईघाईने सात निरोगी सर्व्हरांवरून तोच काढून टाकला आणि एका ठिकाणी उठलेला समंध आठही ठिकाणी उठविला. त्या सकाळी त्या पेढीचा आराखडा कोणी पडद्यावर लावला असता, तर त्यात सर्व पेट्या यथास्थित आणि सर्व बाण सरळ दिसले असते.

शिवकालीन पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटवीत. लेखनाची सीमा येथे झाली, हिच्याखाली कोणी ओळ घुसडू नये, असा तिचा अर्थ. ती मंडळी टाक आणि बोरूने लिहीत असत; पण आपले लिखाण कोठे संपले, हे त्यांना ठाऊक असे. आपल्या करड्या पेटीत १९९८ साली लिहिलेला, आज कोणीही न वापरणारा एक व्याज-आकारणीचा भाग आहे. तो काढून टाकण्याची परवानगी मिळावी म्हणून मी आपल्या पुनरावलोकन मंडळाकडे तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा अर्ज परत आला, कारण ‘व्यावसायिक लाभ’ या रकान्यात मी ‘काही घडणार नाही’ असे लिहिले होते. तोच लाभ आहे, हे मंडळास पटवून देणारे वक्तृत्व मजपाशी नाही. तिसरा अर्ज परत करणाऱ्या त्याच बैठकीत पेट्यांचा निळा रंग संस्थेच्या नव्या बोधचिन्हाशी जुळवून घेण्याचा प्रस्ताव मात्र एकमताने मंजूर झाला, असे इतिवृत्तात वाचले.

सबब विनंती एवढीच, की आपण एक रात्र आमच्या फडात येऊन बसावे. बॅच अकराला सुरू होते. अडीचच्या सुमारास खतावणी जुळेनाशी होते, तेव्हा कोणती फाइल हाताने उचलून कोठे ठेवायची, हे जाणणारी माणसे आता दोनच उरली आहेत आणि दुसऱ्याची बदली झाली आहे. चहाची सोय आम्ही करू. अडचण आहे ती एकच : आर्किटेक्टांना प्रॉडक्शनमध्ये प्रवेश नाही, आणि तो नियम आपल्याच सहीचा आहे. तेव्हा आपणांस माझ्या खुर्चीमागे उभे राहून नुसते पाहावे लागेल. बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
करड्या पेटीतील एक कारकून

ता.क. : आराखड्याबरहुकूम ती पेटी येत्या २५ तारखेस बंद करण्याचा हुकूम बारनिशीत चढला आहे व तो अमलात आणण्यास माझी काही हरकत नाही. केवळ माहितीस्तव कळवितो, की आपल्यासह सर्व अधिकाऱ्यांच्या पगाराची फाइल दर महिन्याच्या २८ तारखेस रात्री याच पेटीतून बँकेकडे जाते. तो बाण चित्रात नव्हता.