बापलेक आणि एकच पलंग

एप्रिल १७७०. रोममधल्या मुक्कामाच्या खोलीत पलंग एकच होता. चौदा वर्षांच्या मुलाने घरी कळवलं, की बाबांच्या शेजारी झोप कशी लागत असेल ते आईने ओळखावं.

मुलगा म्हणजे वोल्फगांग मोझार्ट. बाबा लिओपोल्ड, साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारातले उपसंगीतप्रमुख. डिसेंबर १७६९मध्ये दोघंच इटलीला निघाले. आई आणि थोरली बहीण नानेर्ल घरी राहिल्या. लहानपणी युरोपभर भावाच्या बरोबरीने वाजवलेल्या नानेर्लला आता गाडीत जागा नव्हती. काटकसर बहुधा मुलींपासूनच सुरू होते.

लिओपोल्डराव सगळं जातीने बघायचे: घोडे, मुक्काम, शिफारसपत्रं, आणि पोरगं कुणापुढे कधी वाजवणार तेही. रोख रकमेवर नजर पक्की. १७६३च्या दौऱ्यात आखेनला एका राजकन्येने मुलांचे भरपूर मुके घेतले, तेव्हा त्यांनी पत्रात हळहळ व्यक्त केली. मुक्यांच्या मोहरा झाल्या असत्या तर बरं झालं असतं. सरायवाला काही मुके घेऊन बिल फाडत नाही!

रोममध्ये ते पोहोचले ईस्टरच्या आधीच्या बुधवारी. सिस्टीन चॅपेलमध्ये आलेग्री या संगीतकाराचं ‘मिझेरेरे’ ऐकून पोराने ते आठवणीतून उतरवून काढलं, हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. त्याच दिवसांतला दुसरा किस्सा कमी सांगितला जातो. उंची कपडे घालून, नोकराकरवी जर्मनमध्ये हुकूम सोडत लिओपोल्डराव स्विस पहारेकऱ्यांमधून बेधडक आत शिरायचे. मुलगा कुणी जर्मन राजपुत्र आणि हे त्याचे शिक्षक, असा लोकांचा समज झाला. नोकराने तो तसाच राहू दिला. लिओपोल्डरावांचीही तक्रार दिसत नाही. राजपुत्राला सेंट पीटरच्या पुतळ्याच्या पायाचं चुंबन घ्यायला मात्र उचलून धरावं लागलं, कारण उंची पुरेना.

थापांमध्ये बाप तरबेज होता. जूनअखेर नेपल्सहून रोमला ते २७ तासांत आले. वाटेत लिओपोल्डरावांनी स्वतःला सम्राटाच्या राजदूताचा कारभारी म्हणवून घेतलं, त्यामुळे जकातनाक्यावर पेट्या उघडाव्या लागल्या नाहीत. पण याच प्रवासात घोडा कोसळला. लिओपोल्डरावांनी एका हाताने मुलाला आवरून धरलं आणि स्वतःची नडगी फोडून घेतली. मुक्कामाला पोहोचताच पोरगं खुर्चीतच झोपलं. बापाने त्याचे कपडे उतरवून त्याला पलंगावर निजवलं, तरी त्याला पत्ता नाही. सकाळी डोळे उघडले तेव्हा आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. तो पलंग बापाने त्या रात्री कसा वाटून घेतला, ते पत्रात नाही.

जुलैत पोपने पोराला ‘गोल्डन स्पर’चा मान दिला. ऑगस्टमध्ये बापाची वेगळीच चिंता सुरू झाली: मुलाचा आवाज फुटला होता आणि सगळे कपडे तोकडे झाले होते. वयात येणं कुणाच्या दौऱ्याचं वेळापत्रक पाहून थोडंच होतं? डिसेंबरात मिलानमध्ये चौदा वर्षांच्या या पोराचा ऑपेरा ‘मित्रिदाते’ गाजला. त्यातून आणखी दोन इटलीवाऱ्या निघाल्या.

आता लिओपोल्डरावांना मुलासाठी पक्की नोकरी हवी होती. मिलानमधल्या आर्चड्यूक फर्डिनांडने ती देण्याचा विचार केला, आईला विचारलं. आई म्हणजे सम्राज्ञी मारिया थेरेसा, जिच्या मांडीवर १७६२मध्ये छोट्या वोल्फगांगने उडी मारली होती. डिसेंबर १७७१च्या पत्रात तिने मुलाला बजावलं, की असली निरुपयोगी माणसं पदरी बाळगू नकोस, ती भिकाऱ्यांसारखी जगभर हिंडतात.

तिसऱ्या खेपेला लिओपोल्डराव मिलानमध्येच थांबून मुलाच्या नोकरीबद्दल फ्लॉरेन्सच्या दरबाराच्या उत्तराची वाट बघत राहिले. रजा संपत आलेली. मग त्यांनी घरी संधिवाताचं रडगाणं लिहून धाडलं आणि बायकोला गुप्तपणे कळवलं, की दुखणं खोटं आहे, पण गावभर खरं म्हणून सांग. एवढं नाटक करूनही नोकरी आली नाही. १३ मार्च १७७३ला दोघं साल्झबुर्गला परतले, आणि मोझार्ट पुन्हा कधीच इटलीला गेला नाही.