पेरते व्हा काका

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात मे सरता सरता दोन आवाज सुरू होतात. एक मागच्या आंब्यावरच्या पावशाचा, दुसरा काकांचा. आधी कोण तोंड उघडतं, हे अजून ठरायचंय.

पावशाची तऱ्हा ठाऊक असेलच. ‘पेरते व्हा’, जरा वर ‘पेरते व्हा’, आणखी वर, आता गळा फुटतो की काय वाटेस्तोवर. आणि मग एकदम गप्प. थोड्या वेळाने पुन्हा खालच्या पट्टीपासून. चांदणं असलं तर रात्रीही सुट्टी नाही. काकांचंही तेच. ‘पोराला परीक्षेला बसव.’ ‘अरे, बसव म्हणतो!’ ‘भिया, ऐकू येतंय का तुला?’ आतून काकूंनी भांडं आपटलं की गप्प.

इंदुरात या पक्ष्यावरून भाषावाद आहे. समोरचे शेजारी म्हणतात, तो ‘पी कहाँ’ विचारतो. काका उसळतात, “होळकरांबरोबर आलाय तो! मराठीच बोलतो.” गोऱ्या साहेबाला त्यातच ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू यायचं. काकूंना साहेबाचं पटतं.

एकदा काका आम्हाला रालामंडलला घेऊन गेले. होळकरांच्या शिकारगाहकडे चढताना पावशा दिसला. राखी पाठ, पट्ट्यापट्ट्यांची शेपूट, उडणं-बसणंही हुबेहूब शिक्र्याचं. चिमण्या पाखरांची पळापळ झाली. “रुबाब बघ!” काका म्हणाले. प्रत्यक्षात स्वारी सुरवंटांवर जगते. काकाही कारकून म्हणूनच निवृत्त झाले, पण सफारी आणि मिशा अशा की फाटकावरच्या चौकीदाराने सलाम ठोकला होता.

पावशा घरटं बांधत नाही. मादी अंडं सातभाईंच्या घरट्यात टाकते आणि हा झाडावर बसून साऱ्या माळव्याला कामाला लावतो. सातभाई बिचारे त्या परक्या पोराच्या चोचीत किडे कोंबत राहतात. हे मी वाटेत सांगितलं, तर काका म्हणाले, “कुणीतरी सांगणाराही लागतो ना!”

यंदा त्यांच्या हुकमावरून मी गच्चीवरच्या रिकाम्या कुंड्यांत मेथी पेरली. माती मी आणली, पाणी बायकोने घातलं. काका रोज सकाळी हात मागे बांधून पाहणी करून जातात. परवा समोरच्यांना जिन्यात सांगत होते, “मेथी बरी आलीय आपली. हवी तर घेऊन जा.”