आराखडेकर

जानेवारीत एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला तू काय करतोयस?"

या प्रश्नाला माणसाकडे उत्तर नसतं. त्याच्याकडे होतं. "तू युरेका गावात गाडीत गॅस भरतोयस."

त्याचं खरं आडनाव आता फक्त पासपोर्टवर उरलंय. सनीव्हेलमधल्या आम्हा चार कुटुंबांत त्याला आराखडेकर म्हणतात. कोकणात आराखडा नावाचं एखादं गाव असावं आणि तिथे पालखीचंही मिनिटवार वेळापत्रक निघत असावं, असं त्या नावावरून वाटतं. त्यालाही ते आवडतं. परवा पिझ्झा मागवताना त्याने तेच सांगितलं.

तर यंदाचा बेत होता ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकण्याचा. नेवाडाच्या पार पूर्वेला, यूटाच्या हद्दीला खेटून असलेलं हे उद्यान. खाली सेजब्रशच्या झुडपांचं करडं वाळवंट आणि त्यातून एकदम उठलेला व्हीलर पीक, १३,०६३ फूट. आमच्यापासून अंतर ६०० मैलांच्या आसपास. त्यातला मोठा टप्पा हायवे ५० वरचा. 'लाइफ' मासिकाने १९८६ साली या रस्त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. नेवाडावाल्यांनी टोमणा अंगाला लावून न घेता त्याचीच पुस्तिका काढली. वाटेतल्या गावागावांत थांबायचं आणि तिच्यावर शिक्के मारून घ्यायचे. आराखडेकरने चारही कुटुंबांसाठी पुस्तिका मिळवल्या आणि वेळापत्रकात 'शिक्का: ६ मिनिटं' असा रकाना घातला. उद्यानही १९८६ चंच. हा योगायोग त्याने आम्हाला तीनदा सांगितला, जणू तोही त्यानेच जमवून आणला होता.

बैठका सात झाल्या. ग्रेट बेसिन म्हणजे मोठं खोरं. तिथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, खोऱ्यातच जिरतात नाहीतर उन्हात उडून जातात. आमच्या बैठकांचं पाणीही असंच पोह्यांच्या बश्यांभोवती जिरत असे. आराखडेकरच्या एक्सेलमध्ये मात्र दर बैठकीला एक टॅब वाढायचा.

पहिला वाद अमावास्येचा. तिथलं आकाश इतकं काळं की २०१६ पासून उद्यानाला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा आहे; म्हणून याने मुद्दाम अवसेच्या आसपासचे दिवस धरले. पुण्याहून त्याच्या आईचा फोन. "अरे, अवसेला कोण घराबाहेर पडतं?" "आई, तारे दिसतात." "ते पौर्णिमेलाही असतातच की!" खगोलशास्त्रदृष्ट्या माउलीचं काहीच चुकत नव्हतं. शेवटी प्रस्थान एक दिवस आधी ठेवायचं ठरलं. म्हणजे आपल्या चपला आदल्या दिवशी आमच्या गराजमध्ये ठेवून आराखडेकर कागदोपत्री निघाला.

दुसरा वाद गाडीचा. वर जाणारा बारा मैलांचा घाटरस्ता आहे. त्यावर एका टप्प्यापुढे २४ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. आमची भाड्याची व्हॅन वीस फुटांचीसुद्धा नव्हती. तरी याने टेप लावला. मग सायकलींचा कॅरियर धरून मोजली. मग मागचं दार उघडं धरून.

पण कळस झाला तो गुहेवरून. लेहमन केव्हज पाहायला जाताना, आधी दुसऱ्या गुहांमध्ये वापरलेले कपडे-बूट घालायचे नसतात. वटवाघळांना मारणारी एक बुरशी त्यातून पसरू शकते, म्हणून ही काळजी. नियम रास्तच आहे. आराखडेकरने प्रत्येकाची जबानी घेतली.

"गेल्या दहा वर्षांत कुठल्या गुहेत गेलायस?"

"कार्ल्याला गेलो होतो," मी म्हणालो. "एकवीरेच्या दर्शनाला."

"ते लेणं आहे."

"मग लिहू नकोस."

"वटवाघळाला फरक कळतो का?"

लेणं म्हणजे गुहा का, यावर पाऊण तास गेला. कोरलेली ती लेणी आणि आपोआप झाली ती गुहा, इथपर्यंत एकमत झालं. तेवढ्यात कुणीतरी घारापुरी काढली आणि इंग्रजीत तिला केव्हजच म्हणतात, हे निदर्शनास आणलं. कार्ल्याचे माझे बूट शेवटी घरीच राहिले.

मग कुकर. आमचा वरचा तळ ९,८८६ फुटांवर. मीटरमध्ये जेमतेम तीन हजार. आपली कळसूबाई १,६४६. "तिथे पाणी नव्वद अंशांनाच उकळतं," त्याने जाहीर केलं.

"म्हणजे लवकर उकळतं. बरंच की," माझी बायको म्हणाली.

"उकळतं लवकर, वहिनी. शिजत नाही. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ रात्रभर फक्त आंघोळ करेल."

"म्हणून कुकर नेतेय मी," त्याची बायको आतून म्हणाली. विषय तिच्या लेखी संपला होता. याने मात्र कुकरमधलाही दाब बाहेरच्या हवेच्या हिशेबात कमी धरून, घरच्या तीन शिट्ट्यांना तिथे पाच, असं कोष्टक केलं.

या माणसाला मी कॉलेजपासून ओळखतो. दोन वडापाव आणि एक पंचा घेऊन हा राजगडावर आला होता. टॉर्च आणली होती, सेल नव्हते. अंधारात चाचपडत चढलो, पद्मावतीच्या देवळात झोपलो आणि पाण्याचं काय असं विचारल्यावर "उद्याचं उद्या बघू" म्हणून हा घोरायला लागला होता. मधल्या काळात काय झालं म्हणाल, तर व्हिसा झाला. ज्याने वर्षानुवर्षं आपल्या अस्तित्वाच्या प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती काढून ठेवल्या, तो तंबूच्या खुंट्याही तीन प्रतींत मोजणारच. आम्ही त्याला हसतो, पण टोल कुणी भरला हे आमच्यापैकी एकालाही कधी आठवावं लागत नाही.

ऑगस्ट आला. साडेतीनला आम्ही खरोखर युरेकात होतो. मी गॅस भरत होतो. पंपाशेजारी उभं राहून आराखडेकर माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जसा पत्रिका जुळवणारा गुरुजी लग्नात बघतो.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी, पायथ्याच्या बेकर गावाशी. उद्यान नेवाडाच्या घड्याळावर चालतं, पण यूटाची हद्द एवढी जवळ की फोन तिकडचा टॉवर पकडतो आणि एक तास पुढे उडी मारतो. आठ महिने आणि चौदा टॅब, त्यात हे कुठेच नव्हतं. गुहेच्या दारात आम्ही तासभर आधी हजर. वेळेआधी पोचल्यामुळे इतका खचलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गुहेत बाराही महिने दहा अंश. सगळ्यांनी जाकिटं चढवली, तर त्याला घाम.

तिसऱ्या दिवशी वर ब्रिसलकोन पाइनच्या राईत गेलो. पिळवटलेली, अर्धी वाळलेली, एकेका फांदीवर तग धरून असलेली झाडं. काहींचं वय तीन हजारांच्या पुढे. थंडी, वारा आणि खडकाळ माती यांमुळे ती इतकी सावकाश वाढतात की लाकूड दगडासारखं घट्ट होतं. कीड लागत नाही, कूज धरत नाही. याच डोंगरावर १९६४ साली एका संशोधक विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी असंच एक झाड तोडलं गेलं. कडी मोजली तेव्हा ती ४,८६२ भरली. तेव्हा माहीत असलेल्या झाडांमध्ये ते सर्वांत म्हातारं होतं.

"विचारलं नव्हतं का कुणाला?" माझ्या बायकोने विचारलं.

"विचारलं होतं ना. वनखात्याची परवानगी होती," आराखडेकर म्हणाला. "सगळं रीतसर होतं गं." आणि पुढची वीस मिनिटं तो काहीच बोलला नाही. वेळापत्रकात तिथे दहाच मिनिटं होती.

त्या रात्री आम्ही लाल टॉर्च घेऊन तळाजवळच्या मोकळ्या जागी पडलो. आकाशगंगा कुणीतरी पीठ सांडल्यासारखी. थंडी वाजायला लागली तसे एकेक जण उठून तंबूत गेले. मीही गेलो.

परतल्यावर आठवड्याने त्याची फाइल आली. 'नियोजित' आणि 'प्रत्यक्ष', असे दोन रकाने आणि शेवटी 'शेरा'. मी वाचत गेलो. गुहा: नियोजित ९.००, प्रत्यक्ष ८.००, शेरा: यूटा. शिट्ट्या: नियोजित ५, प्रत्यक्ष माहीत नाही, शेरा: ती म्हणाली वासावरून कळतं. खुंट्या: नियोजित ४८, प्रत्यक्ष ४७.

त्याखाली एक ओळ होती. तारे: नियोजित ९.३० ते १०.००. प्रत्यक्ष ९.३० ते ३.१०. शेऱ्यात लिहिलं होतं: टॉर्चचे सेल संपले. बदलले नाहीत.